जिन्यात बोलायचं नाही

आमच्या साडूंइतका जपून जगलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नसेल. हे वाक्य मी लग्नकार्यांत, पंगतींत, सहलींत इतक्या वेळा म्हटलं आहे, की ते कानावर पडलं की आमच्या घरची मंडळी पुढचे किस्से ऐकायला सरसावून बसतात. मीही रंगवून सांगतो. लोक हसतात. मात्र दर वेळी एका ठराविक जागी आलो की मी पाणी मागतो किंवा विषय बदलतो. वीस-बावीस वर्षं हे चालत आलं आहे. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर, साडूंना जाऊन वर्ष होत आलं, आणि पाणी मागायला काही निमित्त उरलेलं नाही. तेव्हा या खेपेला मध्ये न थांबता शेवटपर्यंत सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नातं हे, आणि नोकरीही एकाच ठिकाणी. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा ठोकून गाड्यांचे सुटे भाग काढणारा आमचा कारखाना होता. मी उत्पादन विभागाचा प्रमुख आणि ते सुरक्षा अधिकारी. "माझं काम मशीन चालवायचं आणि यांचं काम ती बंद पाडायचं," असं मी चारचौघांत म्हणायचो. ते न चिडता दुरुस्ती करायचे, "बंद पाडायचं नाही हो. माणूस सकाळी जेवढा आला, तेवढाच्या तेवढा संध्याकाळी घरी पाठवायचं." कामगार त्यांना पाठीमागे 'जपूनसाहेब' म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य या एका शब्दाशिवाय संपत नसे. "चहा घ्या, जपून." "बसा, जपून." एकदा मालकांच्या वाढदिवसाला हार घालून हात हातात घेऊन ते म्हणाले, "जीवेत शरदः शतम्, पण जपून." मालकांनी हळूच हात सोडवून घेतला.

कुठल्याही नव्या जागेत शिरण्याआधी उंबरठ्यावर अर्धा मिनिट उभं राहायचं, ही त्यांची पहिली सवय. त्या अर्ध्या मिनिटात त्यांची नजर आधी वर, मग खाली, मग कोपऱ्यांतून फिरायची. वर काय लोंबतंय, खाली काय निसरडं आहे, पळायची वेळ आली तर दार कुठलं. मुलगी बघायला आमच्या सासुरवाडीला आले तेव्हाही ते असेच दारात थबकले. सगळ्यांना वाटलं, मुलगा लाजतोय. मग ते आत आले, पोहे घेतले, मुलीला एक प्रश्न विचारला, आणि उठताना सासरेबुवांना म्हणाले, "त्या पंख्याचा हूक बदलून घ्या. उद्याच." दुसऱ्या दिवशी वायरमन चढला तर हूक झिजून तारेएवढा झालेला. सासूबाई म्हणाल्या, "मुलगा मुलीकडे बघायला आला होता की छताकडे?" सासरे म्हणाले, "छताकडे बघणारा बरा. मुलीच्या डोक्यावर छत तरी राहील. देऊन टाकू."

धोका नुसता दिसून उपयोग नाही, त्याचं काहीतरी करायला हवं, असं त्यांचं म्हणणं. काय करायचं याच्या पाच पायऱ्या त्यांना स्तोत्रासारख्या पाठ होत्या. धोका आधी काढूनच टाका. निघत नसेल तर त्याच्या जागी दुसरं काही आणा. तेही जमत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी आडवं घाला. मग नियम करा, पाटी लावा. आणि हातमोजे, चष्मा, टोपी हे सगळ्यात शेवटी, कारण "टोपीवर भरवसा ठेवणं म्हणजे वरचा दगड पडणारच हे मान्य करणं." ही पाच पायऱ्यांची विद्या कारखान्यापुरती राहिली असती तर काही म्हणणं नव्हतं. पण दिवाळीत चकल्यांच्या कढईसमोर ते उभे राहिले की मेहुणीचा जीव कासावीस व्हायचा. "ही कढई काढून टाकता येईल का?" ते गंभीरपणे विचारत. "मग चकल्या तुमच्या डोक्यावर तळू का?" मेहुणी विचारायची. एका लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघा, पूर्वजांना कळत होतं. मध्ये काहीतरी आडवं घातलंय." मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, तसा एक सुस्कारा टाकून म्हणाले, "संपलं. आता फक्त पाट्या लावायच्या."

एकदा दिंडोरीकडे एका ओळखीच्या बागाईतदाराकडे द्राक्षं खायला गेलो होतो. बांधावर पोचतो न पोचतो तोच साडू गाडीतून उतरून ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभे. ट्रॅक्टरला औषधाचं पिंप जोडलेलं, फवारा चालू, आणि चालवणाऱ्या बुवांच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नाही. "दादा, वारा कुठून येतोय?" साडूंनी विचारलं. "समोरून येतोय की," ते म्हणाले. "मग औषध कोणाला चाललंय, द्राक्षाला का तुम्हाला?" बुवांनी ट्रॅक्टर बंद केला, आमच्या यजमानांकडे वळून म्हणाले, "लय शहाणं हाय हो तुमचं पाव्हणं. ह्यांला द्राक्षं देऊ नगा, पुस्तक द्या." आम्ही पोट धरून हसलो. पण पुढच्या हंगामात त्याच बुवांनी यजमानांच्या हातून एक पेटी साडूंकडे पाठवली, आणि निरोप दिला की आता वाऱ्याकडं पाठ करून फवारतो, खोकला कमी हाय. साडूंनी ती द्राक्षं मिठाच्या पाण्यातून तीनदा धुतली आणि मगच आम्हाला वाटली.

दोन गोष्टींवर मात्र ते थट्टा चालवून घेत नसत. पहिली म्हणजे 'निभावलं' हा शब्द. वरून पाना पडला, पायाशेजारी पडला, की आपल्याकडे माणूस म्हणतो, "थोडक्यात निभावलं." साडूंनी कारखान्यात या शब्दाला बंदी घातली होती. म्हणायचे, "कोणी निभावलं? नाव सांगा. या वाक्यात माणूसच नाही. पाना वर कोणी ठेवला, ते या वाक्यात कुठेच येत नाही. असली बिनमाणसांची वाक्यं बोलायला लागलो की पुढचा पाना डोक्यातच पडतो." यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती आणि थोडक्यात निभावलेलं सगळं कर्त्याच्या नावासकट त्या वहीत लिहावं लागे. माणसं कुरकुरत लिहायची. माझंही नाव त्या वहीत चार ठिकाणी आहे. पाचव्या ठिकाणी असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जिना. आमच्या कचेऱ्या वरच्या मजल्यावर होत्या आणि जायला लोखंडी जिना होता. साडूंचा नियम असा: एक हात कठड्याला, नजर पायरीवर, आणि तोंड बंद. "जिना उतरायला असतो, बोलायला नाही. जे काय बोलायचं ते खाली पोचल्यावर." मालक फोनवर बोलत उतरायला लागले की साडू खालून नुसता तळहात वर करत, आणि मालक बिचारे मधल्या पायरीवर थांबून बोलणं संपवत. मी एकदा उत्पादनाची काही फार निकडीची गोष्ट सांगत त्यांच्या मागून उतरत होतो. त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटची पायरी उतरले, वळले आणि म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून सांगा." मी रागावून म्हणालो, "आता विसरलो." ते म्हणाले, "विसरलात म्हणजे निकडीचं नव्हतं." नातेवाइकांत हा किस्सा फार चालतो. मीही तो फार सांगितला आहे.

आता त्या ठराविक जागेवर आलो.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. सगळीकडे होते तशीच: धुणं-पुसणं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. साडूंनी त्या पूजेचेही धोके काढले होते. नारळ बादलीत फोडायचा, कारण सांडलेल्या पाण्यावरून माणूस घसरतो. फोडणाऱ्याने चष्मा लावायचा. उदबत्ती थिनरच्या कपाटापासून लांब. आणि एक युक्ती त्यांची स्वतःची होती, जिचा त्यांना मोठा अभिमान होता. मशीनचं जाळीचं दार, कळ, ब्रेक तपासून झालं की पूर्वी ते मशीनला 'तपासलं' असं कार्ड अडकवत. पण कार्ड लोक काढून दात कोरायला वापरत. मग त्यांना सुचलं, की पूजेच्या लाल नाड्याला आपला माणूस कधी हात लावत नाही. तो आपोआप गळेपर्यंत तसाच राहतो. तेव्हापासून खंडेनवमीला प्रत्येक मशीन तपासलं की ते त्याच्या उजव्या खांबाला लाल नाडा बांधू लागले. नाडा म्हणजे जपूनसाहेबांनी बघितलं, हे सगळ्यांना माहीत झालं. मलाही पटलं होतं. या माणसाने देवालासुद्धा कामाला लावलं, असं मी कौतुकाने म्हणायचो.

पत्रा ठोकणारी आमची अकरा मशीन होती. प्रत्येकापुढे जाळीचं दार. दार पूर्ण मिटलं की बाजूची छोटी कळ दाबली जायची आणि तरच मशीन ठोका मारायचं. दार उघडं की मशीन मुकं. त्या वर्षी अकरा नंबरवर पूजा झाली आणि मुहूर्ताचा एक ठोका मारायची वेळ आली. मालक, त्यांचे पाहुणे, फोटोवाला सगळे उभे. मशीन काही ठोका मारेना. झेंडूची माळ दारात अडकली होती आणि दार बोटभर उघडं राहत होतं. माळ काढली तर अपशकुन, असं कोणीतरी म्हणालं. साडू त्या वेळी पलीकडे चष्मा लावून बादलीत नारळ फोडत होते. त्यांच्या नाड्याचं रीळ ताटात पडलं होतं. मी वीतभर नाडा तोडला, ती कळ आत दाबली आणि तिच्यावर नाडा गुंडाळून गाठ मारली. मशीनने ठोका मारला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. नंतर सोडू, असं मी मनाशी म्हटलं. मग प्रसाद झाला, पाहुण्यांना कारखाना दाखवला, आणि मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतरच्या सकाळी साडू नेहमीसारखे एक नंबरपासून तपासत निघाले. ते सात नंबरवर असताना अकरा नंबरवर काशिनाथचा हात गेला. काशिनाथ हरसूलकडचा, पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस. पत्र्याचा तुकडा अडकला म्हणून त्याने शिकवल्याप्रमाणे दार उघडलं आणि मशीन मुकं झालं असणार, या भरवशावर हात आत घातला. मशीन मुकं झालं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. नंतर मी दवाखान्यात त्याला विचारलं, "अरे, कळीवर दोरा दिसला नाही का तुला?" तो म्हणाला, "दिसला ना सायेब. पन देवाच्या दोऱ्याला कोन हात लावनार? आन् त्यात जपूनसायबांचा. म्हटलं, बघून बांधला आसंल."

त्या दिवशी कारखान्यात जो भेटेल तो म्हणत होता, "जिवावरचं बोटांवर निभावलं." साडूंनी एकालाही टोकलं नाही.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. टेबलावर तो कापलेला नाडा होता. मालकांनी विचारलं, "हा कोणाचा?"

"माझ्या रिळाचा," साडू म्हणाले.

"तुम्ही बांधलात?"

"नाडा मीच बांधतो. अकराही मशीनना."

"खांबाला बांधता. हा कळीवर कसा गेला?"

साडूंनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्या हातांकडे असं बघितलं, जसं नव्या जागेत शिरताना बघायचे. वर, खाली, कोपऱ्यांत. मग म्हणाले, "मला आठवत नाही. पण माझ्याशिवाय कोण बांधणार?"

मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात ना तिथे? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "गर्दी होती. चुकून झालं असेल."

झालं असेल. कोणी केलं ते या वाक्यात कुठेच नाही. मी खोटं बोललो असंसुद्धा कोणाला म्हणता येणार नाही. साडूंनी मात्र माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. त्यांना वाटलं, मी त्यांची बाजू घेतली.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. मालकांनी थांबा म्हटलं, मीही म्हटलं. ते म्हणाले, "माझ्या खुणेवर माझाच भरवसा राहिला नाही. मग लोकांनी तिच्या भरवशावर हात का आत घालावा?" घरात मेहुणीची शाळेतली नोकरी होती, चूल पेटत राहिली. दुसरीकडे त्यांनी काम शोधलं नाही. काशिनाथला कारखान्याने हत्यारांच्या खोलीवर बसवलं, आणि निवृत्त होऊन तो गावी गेला. साडू दर दसऱ्याला एसटीने हरसूलला जायचे, आपट्याची पानं त्याच्या त्या हातात द्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मेहुणी विचारायची, "सोनं द्यायला एवढ्या लांब कशाला?" ते म्हणायचे, "त्याचं माझ्याकडे राहिलंय." मी एकदाही बरोबर गेलो नाही. दसऱ्याला माझे गुडघे दुखतात, असं मी घरात सांगून ठेवलं होतं.

साडूंच्या उतारवयातल्या ज्या किश्शावर लोक सगळ्यात जास्त हसतात, तो कुलपाचा. घरातून निघताना ते गॅस दोनदा बघत, कुलूप दोनदा ओढत. मग नाशिक रोडला पोचल्यावर रिक्षा वळवून परत येत आणि तिसऱ्यांदा बघत. एकदा याच पायी गाडी चुकली आणि पुतण्याच्या लग्नाला मंडळी अक्षता पडून गेल्यावर पोचली. मेहुणी म्हणाली, "यांचा स्वतःच्या हातांवरसुद्धा विश्वास नाही!" सगळे खो खो हसले, मीही हसलो. पण कारखान्यात बरोबर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. साडू पूर्वी दोनदाच बघायचे. दोनदा बघणं हा त्यांचा स्वभाव होता. तिसऱ्यांदा बघणं त्यांना मी लावलं.

हे आधी का सांगितलं नाही, याला माझ्याकडे बरीच कारणं होती. सुरुवातीला नोकरी होती. मग बढती मिळाली. मग मुलीचं लग्न ठरत होतं. मग बायको म्हणेल, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला तुम्ही असं केलंत. म्हणून तिला सांगितलं नाही, आणि ती गेल्यावर तेही कारण गेलं. मग नुसती सवय उरली. साडूंच्या पाच पायऱ्यांपैकी मी फक्त तिसरी पाळली: मध्ये काहीतरी आडवं घालत राहिलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो. इंदिरानगरातलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पलंग बुटका, टेबलाचे कोपरे गोल, न्हाणीघरात तीन ठिकाणी दांडे. मेहुणी देवळात गेली होती. दोन तास आम्ही दोघंच बसलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाक्य घरून तयार करून नेलं होतं, सात शब्दांचं. पण ते समोर बसून माझ्याकडे बघत होते, आणि मला चिवड्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, महापालिकेच्या खड्ड्यांबद्दल बोलता आलं. शेवटी उठलो. ते म्हणाले, "मी येतो खालपर्यंत." मी नको म्हणालो. "तुम्ही एकटे उतरणं हा धोका, मी बरोबर येणं हा उपाय," असं म्हणून ते पुढे झाले. एक हात कठड्याला, नजर पायरीवर.

त्यांची पाठ माझ्याकडे होती. पांढरा सदरा, मानेवर घामाची रेघ. तोंड दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच मला वाटलं, आता जमेल. मी म्हणालो, "साडू, ती अकरा नंबरची गाठ..."

ते थांबले नाहीत, वळले नाहीत. कठड्यावरचा हात न सोडता दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी मागे, माझ्याकडे धरला. "जिन्यात बोलायचं नाही. खाली पोचल्यावर."

पुढच्या छत्तीस पायऱ्या आम्ही गप्प उतरलो. मी मोजल्या. प्रत्येक पायरीला ते वाक्य माझ्या तोंडात थोडं थोडं मागे सरकत गेलं. खाली आलो. फाटकाशी एक रिक्षा रिकामी उभीच होती. साडू शेवटची पायरी उतरून वळले, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून सांगा."

मी म्हणालो, "विसरलो."

ते हसले. "मग निकडीचं नव्हतं." मी रिक्षात बसलो. त्यांनी वाकून आत बघितलं, वर, खाली, आणि म्हणाले, "हात आत घ्या. जपून."

मी हात आत घेतला. सव्वा महिन्याने ते झोपेतच गेले, त्या बुटक्या पलंगावर, कुठेही न पडता, न लागता. सात शब्द माझ्याकडेच राहिले. ती गाठ तुमची नव्हती, मी मारली होती.